जुन्या दारा-खिडक्यांचा रंग आणि शिसं : वाचकांचे प्रश्न

पोळा झाला की गावोगावी रंगरंगोटीचं बोलणं सुरू होतं. सोयाबीन घरात यायच्या आत दारं-खिडक्या उरकून घ्यायच्या असतात. गेल्या अंकात आम्ही लिहिलं होतं की जुना ऑइलपेंट कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं. त्यावर बरीच पत्रं आली. त्यांतले निवडक प्रश्न आणि उत्तरं इथे देतो आहोत.

प्रश्न : आमचं घर आजोबांच्या काळचं. मातीच्या जाड भिंती, वर कवेलू. भिंतींना चुना आहे, पण दारं-खिडक्या सागवानी असून त्यांवर हिरव्या ऑइलपेंटचे किती थर चढलेत ते मोजता येत नाहीत. ओसरीतल्या खिडकीखाली रंगाचे पोपडे पडतात आणि घरात दहा महिन्यांचं बाळ रांगतं. अख्खं घर तपासायचं का? सुरुवात कुठून करायची? (आर्वी, जि. वर्धा)

अख्खं घर तपासू नका, पैसे वाया जातील. चुन्याच्या भिंतीत शिशाची भीती सहसा नसते. शिसं असतं ते तेलाच्या रंगात, म्हणजे लाकडावर आणि लोखंडावर. पिवळा, नारिंगी, लाल आणि हिरवा हे रंग आधी संशयात घ्या. पिवळ्याला झळाळी यावी म्हणून लेड क्रोमेट घालत आणि त्याच पिवळ्यात निळा मिसळून हिरवा करत. जुना पांढरा सफेदा तर शिशापासूनच बनायचा. शिवाय रंग लवकर वाळावा म्हणूनही त्यात शिशाचे क्षार टाकले जात. त्यामुळे फिकट रंग दिसला म्हणून निर्धास्त राहू नका.

घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा (वजनाच्या दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) जास्त नको, हा नियम केंद्र सरकारने २०१६ मध्ये काढला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून तो लागू झाला. त्याआधीचा ऑइलपेंट तपासेपर्यंत संशयितच समजा. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. हा नियम घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरता आहे. ट्रॅक्टर-ट्रॉलीला मारायचा औद्योगिक रंग त्यात येत नाही. उरलेल्या डब्यातला तसला रंग चौकटीला मारून टाकायची सवय बऱ्याच घरांत असते. तेव्हा तुमची खिडकी २०१७ नंतर रंगवलेली असली, तरी कोणत्या डब्यातून रंगवली ते आठवून पाहा.

आता जागा कोणत्या निवडायच्या? बाळाच्या उंचीवर बसून घर पाहा. रंग जिथे रंगावर घासतो तिथून धूळ निघते : खिडकीची झडप चौकटीला टेकते ती कड, दाराची बिजागरीकडची बाजू, उंबरठा, मुलं धरून उभी राहतात ते गज. एक साधी गोष्ट करून पाहा. खिडकीचा कट्टा ओल्या फडक्याने स्वच्छ पुसा, झडप दहा वेळा उघडून मिटा आणि पांढऱ्या ओल्या कापडाने कट्टा पुन्हा पुसा. कापडावर हिरवट रेघ आली, तर तीच धूळ बाळाच्या तळहातावर आणि तिथून तोंडात जाते आहे. पोपडा खाल्ला तरच शिसं पोटात जातं, हा समज चुकीचा आहे. घरातल्या लहान मुलांच्या पोटात ते मुख्यतः हाताला लागलेल्या धुळीतून जातं. या पुसण्याने शिसं आहे की नाही ते कळत नाही, पण नमुना कुठला घ्यायचा ते कळतं.

नमुना असा घ्या. रंगावर स्वच्छ पाण्याचा हलका फवारा मारा. त्यासाठी नवी बाटली वापरा, शेतातल्या फवारणीचा पंप चुकूनही नको. खाली प्लास्टिक अंथरा. धारदार पात्याने ५ सेंमी × ५ सेंमी जागेतला रंग लाकडापर्यंत, सगळ्या थरांसकट उचला. वरचाच थर घेतला तर सगळ्यात जुना, म्हणजे बहुधा सगळ्यात जास्त शिशाचा थर मागे राहतो. उलट लाकडाचे तुकडे सोबत आले, तर त्यांच्या वजनाने आकडा खोटाच कमी दिसतो. दार, खिडकी आणि गज यांचे नमुने वेगवेगळ्या झिपच्या पिशव्यांत भरा. पिशवीवर जागा आणि तारीख लिहा. जागा ओल्या फडक्याने पुसून उघड्या लाकडावर चिकटपट्टी लावा.

प्रयोगशाळा एनएबीएल-मान्य (एनएबीएल म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) आहे का आणि ‘रंगातलं शिसं’ ही चाचणी तिच्या मान्यतेत आहे का, हे नमुना पाठवण्याआधी विचारा. नुसती ‘पाणी व माती’साठी मान्यता असेल तर दुसरी शोधा. एनएबीएलच्या संकेतस्थळावर शहर आणि चाचणी टाकून यादी पाहता येते. अहवाल पीपीएममध्ये किंवा मिलिग्रॅम प्रति किलोमध्ये मागा. दोन्ही आकडे एकच असतात.

आकडा ९० च्या आत आला तर त्या जागेचा विषय संपला. ५००० च्या वर, म्हणजे वजनाच्या अर्धा टक्क्यापुढे गेला, तर अमेरिकेच्या कायद्यात त्याला शिशाचा रंग म्हणतात. मधला आकडा असेल तर आम्ही काळजी घ्या असंच सांगू. पण आकड्याइतकीच रंगाची अवस्थाही पाहा. माळ्याच्या तुळईवर घट्ट बसलेला २०,००० पीपीएमचा रंग आज कुणाला त्रास देत नाही. रोज घासली जाणारी ३,००० पीपीएमची खिडकी देते.

अहवाल येईपर्यंत थांबू नका. पोपडे ओल्या फडक्याने आजच उचला, झाडू लावू नका. पाळणा आणि अंथरूण त्या खिडकीपासून हलवा. ती झडप तात्पुरती बंद ठेवा.

प्रश्न : ऑनलाइन तपासणी किट मागवलं. एकाच दारावर एकदा गुलाबी आलं, दुसऱ्यांदा काहीच नाही. किट खराब आहे का? (दर्यापूर, जि. अमरावती)

बहुतेक वेळा चूक किटची नसते, वापरण्याची असते. गुलाबी-लाल रंग येणारं किट रोडिझोनेट नावाच्या रसायनाचं असतं. ते जिथे टेकेल तिथलंच शिसं ओळखतं. वरचे दोन थर नवे आणि खालचा जुना असेल, तर वरून घासून काही दिसणार नाही. पात्याने तिरकी खाच पाडा, म्हणजे लाकडापर्यंतचे सगळे थर पट्ट्यांसारखे उघडे पडतील. त्या खाचेवर किटचा बोळा सुमारे ३० सेकंद घासा आणि माहितीपत्रकात दिलाय तितका वेळ थांबा.

दार लाल किंवा मरून असेल तर रंग स्वतःच बोळ्यावर उतरतो आणि गुलाबी आल्याचा भास होतो. त्यासाठी आधी साध्या ओल्या कापसाने घासून पाहा. कापूस लाल झाला तर तिथे हे किट निरुपयोगी आहे. प्लास्टर ऑफ पॅरिस किंवा पुट्टीची भुकटी लागली तर उलटं होतं. तिच्यातल्या सल्फेटमुळे शिसं असूनही रंग येत नाही. किटसोबत शिसं लावलेलं कार्ड असेल, तर रंग न आल्यावर तोच बोळा कार्डावर घासा. तिथेही गुलाबी झाला नाही तर ती चाचणी बाद.

काळं पडणारं किट सोडियम सल्फाइडचं असतं. ते लोखंडी गजावर वापरू नका, कारण लोखंडानेही काळं पडतं. गडद रंगावर तर ते काळं झालेलं दिसतच नाही.

महत्त्वाची गोष्ट म्हणजे ही किटं जोखली जातात ती ५००० पीपीएमच्या रेषेवर. आपल्याकडे नव्या रंगाची मर्यादा आहे ९०. म्हणून किटने ‘आहे’ म्हटलं तर विश्वास ठेवा आणि सावध व्हा, ‘नाही’ म्हटलं तर प्रयोगशाळेचा पर्याय खुला ठेवा. घरात सहा वर्षांखालचं मूल किंवा गरोदर बाई असेल तर नुसत्या किटवर निर्णय घेऊ नका.

प्रश्न : नागपूरला इतवारीत सोनं तपासायचं मशीन असतं. त्यावर रंगाचा पोपडा ठेवून शिसं कळेल का? (काटोल, जि. नागपूर)

तत्त्व एकच आहे, दोन्हीकडे क्ष-किरणांनी धातू ओळखतात. पण सराफाचं मशीन सोनं, चांदी, तांबं यांच्या मिश्रणासाठी जुळवलेलं असतं. पातळ पोपड्यावर ते जो आकडा दाखवेल त्याला अर्थ नाही. रंगासाठी हातात धरायचं वेगळं क्ष-किरण यंत्र (एक्सआरएफ) असतं. ते भिंत न खरवडता सगळे थर एकदम वाचतं आणि दर चौरस सेंटिमीटरला किती मिलिग्रॅम शिसं ते सांगतं. एका घरासाठी ते बोलावण्यापेक्षा तीन-चार पोपडे प्रयोगशाळेत पाठवणं सोपं पडतं.

प्रश्न : जमिनीवरची धूळ तपासता येते म्हणतात. आमच्याकडे निम्म्या घरात शेणाचं सारवण, निम्म्यात फरशी आहे. (उमरखेड, जि. यवतमाळ)

फरशीवर येते, सारवणावर नाही. धुळीचा नमुना पुसून घेतात, आणि सारवण पुसलं की मातीच निघते. त्या बाजूला खिडकीचा कट्टा किंवा पेटीचं झाकण निवडा.

फरशीवर ३० सेंमी × ३० सेंमी चौकोन चिकटपट्टीने आखा. नवे हातमोजे घाला. प्रयोगशाळेने दिलेला, अल्कोहोल नसलेला ओला रुमाल घ्या. आधी डावीकडून उजवीकडे नागमोडी पुसा, रुमाल मळकी बाजू आत करून दुमडा, मग वरून खाली पुसा, पुन्हा दुमडून चारही कोपरे पुसा आणि नळीत भरा. नमुन्याआधी दोन दिवस जागा झाडू-पुसू नका, नाहीतर तुम्ही सफाई मोजाल, धूळ नाही.

घरातल्या धुळीसाठी भारतात मर्यादा ठरलेली नाही, म्हणून तुलनेला अमेरिकेचे २०२४ चे आकडे घेतात : जमिनीवर दर चौरस फुटाला ५ मायक्रोग्रॅम, खिडकीच्या कट्ट्यावर ४०. तुमचा चौकोन जवळपास एक चौरस फूटच भरतो.

सारवलेल्या बाजूसाठी एक सल्ला. खिडकीखालचा वरचा पापुद्रा ओला करून खुरप्याने अर्धा इंच काढा आणि मग नवं सारवण घाला. जुन्यावर तसंच सारवलं तर उन्हाळ्यात भेगा पडून खालची धूळ वर येते.

प्रश्न : घराचं काम काढलंय. जुन्या रंगीत चौकटी आणि फळ्यांचा ढीग पडलाय. आंघोळीच्या बंबात आणि चुलीत वर्षभर पुरेल. चालेल ना? (मेहकर, जि. बुलडाणा)

नाही. या अंकातलं एकच उत्तर लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. शिसं जळून नाहीसं होत नाही. थोडं धुरात जातं, ते चुलीपुढे बसलेली बाई आणि तिच्या मांडीवरचं मूल छातीत घेतं. बाकीचं राखेत उरतं. आणि आपल्याकडे राख कुठे कुठे जाते ते आठवा : भांडी घासायला, दात घासायला, तुरीला-मुगाला कीड लागू नये म्हणून कोठीत, आणि उरलेली उकिरड्यावरून परसातल्या वांग्या-मिरच्यांना. एका दाराचं शिसं घरभर वाटून टाकायची याहून सोपी रीत नाही.

तपासणी होईपर्यंत ढीग ताडपत्रीखाली, कोंबड्या आणि मुलांपासून दूर ठेवा. सागवान चांगलं असेल तर सुताराकडून रंगाची बाजू रंध्याने काढून घ्या. यंत्राच्या रंध्याने नको, त्याचा भुसा हवेत उडतो. हाताचा रंधा, लाकूड ओलसर आणि खाली प्लास्टिक. निघालेल्या सालपट्या जळणात घालू नका, दुहेरी पिशवीत बांधून ठेवा. आतापर्यंत असं लाकूड जाळलं असेल तर चुलीतली आणि डब्यात साठवलेली राख ओली करून तशीच बांधा आणि भांड्यांसाठी वापरू नका.

प्रश्न : पेंटर म्हणतो, ब्लो लॅम्पने जाळून रंग पटकन निघतो. नाहीतर मशीनने घासू. (पवनी, जि. भंडारा)

दोन्ही नको. ज्योतीने शिशाची वाफ होते, मशीनने पिठासारखी धूळ. पेंटरच्या स्वतःच्या मुलांसाठीही ते वाईट, कारण तो कपड्यांवरून ती धूळ घरी नेतो. हे त्याला नीट समजावून सांगा.

पहिला विचार असा करा की रंग काढायचा तरी का? घट्ट बसलेला असेल तर साबणाच्या पाण्याने धुवा, ओल्या वॉटर पेपरने नुसता खरखरीत करा आणि ९० पीपीएमच्या आतला नवा रंग दोन हात मारा. डब्यावर शिशाचं प्रमाण छापलेलं असतं, वाचून घ्या. जिथे घासतं त्या कडांना हा उपाय टिकत नाही. नवा थर महिन्याभरात घासून जुना वर येतो. तिथला रंग लाकडापर्यंत काढावाच लागतो, किंवा झडप बदलावी लागते.

काढायचाच झाला तर अशी तयारी करा. मुलं आणि गरोदर बायका त्या दिवशी दुसऱ्या घरी. खोलीतलं धान्य, भांडी, अंथरुणं बाहेर. कामाच्या जागेभोवती सहा फूट जाड प्लास्टिक, कडा चिकटवलेल्या. पंखा बंद. रंग सतत ओला ठेवून हाताने खरवडा. तोंडाला रुमाल बांधून उपयोग नाही, बारीक धूळ अडवणारा पी-१०० फिल्टरचा मास्क लागतो. मध्येच बिडी, खर्रा, चहा नको, कारण हातावरचं शिसं तसंच पोटात जातं. काम संपल्यावर प्लास्टिक आतल्या बाजूला गुंडाळा. फरशी दोन बादल्यांनी पुसा, एकीत साबणाचं पाणी आणि दुसरीत फडकं पिळायचं. पाणी मळलं की बदला. ते पाणी विहिरीजवळ किंवा परसबागेत ओतू नका. घरचा साधा व्हॅक्युम क्लीनर वापरलात तर बारीक धूळ मागून परत हवेत येईल. कपडे वेगळे धुवा.

एका खिडकीला दिवस जातो. त्याच हिशेबाने पेंटरशी मजुरी ठरवा. ठोक भावात ठरवलं तर तो मशीन काढणारच.

प्रश्न : तान्ह्या पोळ्याचा आमचा लाकडी नंदी ४० वर्षांचा आहे. नातू त्याची शिंगं चावतो. (हिंगणघाट, जि. वर्धा)

नंदी आजच उंच ठेवा. पिवळी शिंगं आणि लाल झूल, म्हणजे नेमके शंकेचे रंग, आणि बहुधा दरवर्षी वरून नवा हात. शिंगाच्या बुडाशी, दिसणार नाही अशा जागी खाच पाडून किटने पाहा. शिसं निघालं तर नंदी टाकायची गरज नाही. वर दिल्याप्रमाणे ओला करून रंग पूर्ण काढा, पुसा आणि नव्या रंगाने रंगवा. वरून नुसता थर देऊन भागणार नाही, कारण दात थरांतून जातात. खऱ्या बैलांची शिंगं रंगवतानाही आधीचा रंग पात्याने कोरडा खरवडू नका. ती भुकटी कोठ्यातल्या गव्हाणीत पडते.

प्रश्न : गावातल्या पाण्याच्या तपासणीत सगळं ठीक आलं. म्हणजे शिसं नाही असं समजायचं का? आम्ही पाणी पितळी गुंडात भरतो. (मूल, जि. चंद्रपूर)

नाही. गावात वापरलं जाणारं किट फ्लोराइड, नायट्रेट, क्षार वगैरे पाहतं, शिसं त्यात नसतं. ते प्रयोगशाळेतच मोजावं लागतं. भारतीय मानक आय.एस. १०५०० नुसार लिटरला ०.०१ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे.

दोन नमुने घ्या. रात्रभर, किमान सहा तास नळ बंद ठेवा आणि सकाळी पहिलं एक लिटर भरा. मग पाच मिनिटं पाणी जाऊ देऊन दुसरं भरा. पहिलं जास्त आणि दुसरं कमी आलं तर दोष तुमच्या तोटीत किंवा घरातल्या पाइपात आहे. तोटी बदला, तोवर सकाळचं पहिलं पाणी झाडांना घाला. दोन्ही जास्त आले तर ग्रामपंचायतीला अहवालासह लेखी द्या. पाणी उकळून शिसं जात नाही, उलट पाणी आटून थोडं वाढतं.

गुंडाचं म्हणाल तर पितळेत थोडं शिसं असू शकतं आणि गळती बुजवायला लावलेल्या धातूच्या डागात बहुधा असतंच. ताक, चिंचेचं सार, आंबट वरण अशा भांड्यात ठेवू नका. कल्हई करताना शुद्ध कथील घ्या. कथलाची कांडी वाकवली की करकर आवाज येतो. शिसं मिसळलेल्या कांडीचा आवाज मंदावतो आणि ती कागदावर घासली तर राखाडी रेघ उमटते.

प्रश्न : मुलाच्या रक्तात शिसं आहे का हे कसं कळेल? त्याला सिकलसेल आहे, पोट नेहमी दुखतं. (कुरखेडा, जि. गडचिरोली)

ताई, लक्षणांवरून कळत नाही. रक्ताचीच तपासणी लागते. रक्त कमी असणं आणि पोटदुखी ही सिकलसेलमध्येही असते, म्हणून अशा मुलांत शिशाकडे लक्ष जात नाही. घरात जुना रंग सुटत असेल तर ते डॉक्टरांना आपणहून सांगा आणि ‘ब्लड लेड’ (रक्तातल्या शिशाची तपासणी) लिहून मागा. रक्त शिरेतून द्या. बोट टोचून घेतलं तर कातडीवरची धूळ मिसळून आकडा खोटा वाढतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनानुसार डेसिलिटरला (म्हणजे १०० मिलिलिटर रक्ताला) ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त आलं, तर शिसं कुठून येतं ते शोधून थांबवायचं. अमेरिकेत ३.५ पासूनच लक्ष ठेवतात. ४५ किंवा त्यापुढे गेलं तर शिसं बाहेर काढणारं औषध रुग्णालयात देतात. ते औषध देऊन मुलाला त्याच घरात परत आणलं तर आकडा पुन्हा चढतो, म्हणून घर आधी दुरुस्त करा. रक्तातला आकडा मुख्यतः अलीकडच्या आठवड्यांचं सांगतो. घर सुधारल्यावर डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीत तो पुन्हा पाहा.

उपाशी पोटी शिसं जास्त शोषलं जातं, म्हणून मुलाला वेळेवर खाऊ घाला आणि जेवणाआधी हात साबणाने धुवा. लोहाच्या गोळ्या मात्र सिकलसेलमध्ये डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

प्रश्न : गावच्या मारुतीला शेंदूर लावतो. त्यातही शिसं असतं का? (लोणार, जि. बुलडाणा)

हो. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचंच ऑक्साइड. पूजा जरूर करा. शेंदूर तेलात कालवायचं काम मोठ्यांनी करावं, मुलांनी नाही. वाटी आणि बोळा देवळातच वेगळे ठेवा, घरच्या भांड्यांत मिसळू नका. प्रसादाचं ताट मूर्तीच्या पायाशी न ठेवता थोडं बाजूला ठेवा. बाळाच्या कपाळाला अंगारा लावा, शेंदूर नको. हात पाण्याने नुसते ओले करू नका, साबणाने दोनदा धुवा. तेलातला शेंदूर एका धुण्यात निघत नाही.